सहावा वाटा

पेण शहर मागे टाकून धरमतरच्या खाडीच्या दिशेने निघाले, की डोंगर पाठीशी राहतात आणि समोर सपाट, ओलसर, क्षितिजापर्यंत पोहोचलेली भातजमीन पसरलेली दिसते. या मुलुखाला खारेपाट म्हणतात. ही जमीन निसर्गाने माणसाच्या ओटीत घातलेली नव्हे. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी जिथे चढत असे, तिथे चिखलाचे आणि दगडाचे बांध घालून, वर्षानुवर्षे पावसाच्या गोड्या पाण्याने मातीतला खार धुऊन काढून, माणसाने ती समुद्राकडून हात हात पुढे सरकत मिळविली आहे. समुद्राकडच्या थोरल्या बांधाला येथे बाहेरकाठा म्हणतात, आतले पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडणाऱ्या दारांना उघाडी म्हणतात, आणि उधाणाच्या भरतीने बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले, तर 'खांड गेली' एवढे दोनच शब्द उच्चारले जातात. खांड गेली म्हणजे त्या साली तर पीक नाहीच, परंतु पुढची दोन-तीन वर्षेही त्या शेतातून भाताचा दाणा घरी येण्याची आशा धरावयाची नाही.

इंग्रजी अमदानीच्या दप्तरांत पेण भागातील अशा बांधबंदिस्तीच्या जमिनींस 'शिलोत्री' अशी संज्ञा आढळते. सरकारचा जो नेहमीचा सारा, त्याखेरीज या जमिनींवर बांधाच्या दुरुस्तीसाठी धान्याच्या रूपाने एक निराळा आकार वसूल होत असे, त्याचे नाव शिलोत्री मण. ज्याचे बिघे अधिक, त्याचा आकार अधिक. शिवाय गावाने मिळून अंगमेहनतीने बांध राखण्याची जोळ नावाची रीत होती, आणि उधाणाच्या रात्री कोणाचे शेत कोणते हे न विचारता सारा गाव फावडी घेऊन काठावर उभा राही. त्या बांधावरून चालताना माझ्या मनात सारखे हेच येत राहिले, की सार्वजनिक वसुली न्याय्य कशाने ठरते या प्रश्नाचे इतके निखळ उत्तर मोठमोठ्या अर्थशास्त्रीय ग्रंथांतही सहसा हाती लागत नाही. कारण ज्याने आपल्या कणगीतले धान्य काढून दिले, त्याला ते कोठे गेले हे त्याच वर्षी, पायाखालच्या चिखलात, प्रत्यक्ष दिसत असे.

परंतु या चित्रात एक उणीव होती आणि ती झाकून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बांध ज्याने घातला, त्याची जमीन पुष्कळदा नव्हतीच. कुलाबा जिल्ह्यात (आजच्या रायगडात) सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा होता. त्याने सरकारला द्यावयाचा सारा ठरलेला असे, पण कुळाकडून घ्यावयाचा खंड हा त्याच्या मर्जीचा आणि वजनाचा विषय असे, आणि पिकाचा अर्धा वाटा देऊनही कुळाची सुटका होत नसे, कारण वरून वेठ होती, सणासुदीचे देणे होते, आणि पुढच्या वर्षीही जमीन आपल्याकडेच राहील अशी शाश्वती कोठेच नव्हती. राज्याची तिजोरी आणि नांगरधारी मनुष्य यांच्यामध्ये धान्याचा जो भाग अडकून राहिला, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे वाडे उभे राहिले. करविषयक अन्याय म्हणजे केवळ राजाने अधिक घेणे, अशी आपली एक भाबडी समजूत असते. येथे राजापेक्षा राजाच्या नावाने घेणारा अधिक जड होता.

मुंबई कायदेमंडळात 1927 साली अंदाजपत्रकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमक्या याच व्यंगावर बोट ठेवले होते. शेतकऱ्याचे उत्पन्न कितीही तुटपुंजे असो, त्याला जमीनमहसूल चुकत नाही. उलट प्राप्तिकराच्या कायद्याखाली ज्याने काही मिळविलेच नाही, त्याला काही द्यावे लागत नाही. मग एकाच राज्यात दोन प्रजाजनांना दोन मापे का, असा त्यांचा सवाल होता. याच जिल्ह्यात महाडला त्याच साली मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला हे सर्वज्ञात आहे, परंतु पाण्याचा हक्क मागणारा हा पुरुष त्याच महिन्यांत साऱ्याचाही हिशेब मागत होता, ही गोष्ट आपण सहसा जोडून पाहत नाही. त्याच्याही चव्वेचाळीस वर्षे आधी, 1883 साली, महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, आणि 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे सरकारी महसुलाचा फार मोठा भाग रयतेच्या घामातून येतो व त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणाला मिळतो, असे निवेदन केले. कर कोण देतो आणि त्याचे फळ कोण खातो, या दोन प्रश्नांची जोडी मराठी माणसाने पश्चिमेकडून उसनी आणलेली नाही.

पेणचा या कथेतील प्रवेश 25 डिसेंबर 1930 रोजी होतो. त्या दिवशी येथे कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद भरली. नारायण नागू पाटील आणि अनंत चित्रे ही तिची कर्ती माणसे. तीनच महिन्यांपूर्वी, 25 सप्टेंबरला, शेजारच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार होऊन गावकऱ्यांचे प्राण गेले होते, आणि देशभर मिठाचा सत्याग्रह चालू होता. मिठाचा कर या परिसराला पुस्तकातून समजावून घ्यावा लागला नाही. आगरी हे समाजनामच मुळी मीठागराशी जोडलेले. या खाड्यांच्या काठी उन्हाळ्यात ज्यांच्या पायांना खारट चिखलाने भेगा पडत, त्यांनी स्वतः पिकविलेले मीठ कर भरल्यावाचून स्वतःच्या आमटीत घालण्याची मुभा नव्हती. 1923 साली मध्यवर्ती कायदेमंडळाने नाकारलेली वाढ व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात मंजूर करून हा कर मणामागे अडीच रुपयांवर नेला. पुढच्याच वर्षी तो सव्वा रुपयावर आणावा लागला. शेठजीच्या आणि हमालाच्या ताटातील मीठ साधारण सारखेच असते, किंबहुना उन्हात राबणाऱ्याला ते अधिक लागते, म्हणून मणावरचा सव्वा रुपया दोघांवर सारखा पडूनही दोघांवर सारखा नसतो. 1 एप्रिल 1947 पासून, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी, तो कर रद्द झाला.

परिषदेनंतर तीन वर्षांनी, 27 ऑक्टोबर 1933 रोजी, अलिबाग तालुक्यातील चरी येथे कुळांनी संप पुकारला. शेते पडीक ठेवावयाची, पण खोताची कसावयाची नाहीत, असा तो निर्धार सहा पावसाळे टिकला; ज्याच्या घरी वर्षाचे धान्य साठविण्यापुरती कणगी नाही, त्याने सहा वर्षे नांगर खाली ठेवणे म्हणजे काय, हे केवळ कल्पनेने जाणता येणे कठीण आहे. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले, 1939 साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, 1949 साली खोती नष्ट करणारा झाला, आणि 1 एप्रिल 1957 रोजी कसेल त्याची जमीन हे तत्त्व कुळकायद्याने अमलात आणले. ही सारी वाटचाल याचनेची नव्हती आणि कोणाच्या अंतःकरणाला पाझर फोडण्याचीही नव्हती. तो सरळ हक्काचा दावा होता.

आता या दोन तालुक्यांच्या एका विलक्षण भाग्ययोगाकडे वळतो, ज्यासाठी मी खरे तर या प्रवासाला निघालो होतो. पेण आणि रोहा हे एकमेकांच्या शेजारचे मुलूख. मध्ये नागोठणे आणि अंबा नदी. या एवढ्याशा टापूने ज्यांच्यावर आपला हक्क सांगावा असे तीन पुरुष गेल्या शतकात होऊन गेले. तिघांनाही रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि संपत्तीचे न्याय्य वाटप कसे व्हावे या एकाच प्रश्नाला तिघांनी तीन भिन्न उत्तरे दिली.

पहिले विनोबा. पेणच्या पूर्वेस डोंगराच्या कुशीत गागोदे बुद्रुक हे लहानसे गाव आहे. 11 सप्टेंबर 1895 रोजी तेथे त्यांचा जन्म झाला. जो देतो तो देव आणि जो राखून ठेवतो तो राक्षस, असा संस्कार आपल्या आईने घातल्याचे ते सांगत, आणि मला वाटते की पुढच्या सगळ्या भूदानाचे बीज त्या स्वयंपाकघरातच पडले. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी हरिजन कुटुंबांनी त्यांच्यापाशी ऐंशी एकर जमीन मागितली, सभेतून रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने उठून शंभर एकर देऊ केली, आणि तेथून पुढे तेरा वर्षांहून अधिक काळ हा कृश देहाचा मनुष्य भारतभर पायी चालत राहिला. त्यांची मागणी ठरलेली असे: तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा मला द्या.

हा सहावा वाटा मला फार अर्थपूर्ण वाटतो. आपल्या धर्मशास्त्रांत आणि अर्थशास्त्रात राजाचा शेतीवरील हक्क षड्भाग म्हणून सांगितला आहे. कालिदासाच्या शाकुंतलात राजाला षष्ठांशवृत्ती असे म्हटले आहे, म्हणजे प्रजेच्या उत्पन्नाच्या सहाव्या अंशावर निर्वाह करणारा. राजाने जो अंश दंडशक्तीच्या आधाराने घ्यावयाचा, तोच अंश विनोबांनी पुत्राच्या नात्याने मागितला. मागणीचे प्रमाण जुनेच राहिले. पालटले ते नाते, आणि विनोबांची सारी क्रांती त्या पालटात होती. तरीही हिशेब मांडावाच लागतो. पाच कोटी एकरांचा संकल्प होता. हाती आली ती त्याच्या दशांशाहूनही कमी, आणि तिच्यातही खडकाळ, पडीक, तंट्यातील, केवळ कागदावर दिलेली जमीन पुष्कळ निघाली. हे विनोबांचे न्यून नव्हे. जिथे काय द्यावयाचे हे देणाराच ठरवितो, तिथे उत्तम जमीन बहुधा घरीच राहते. हा मनुष्यस्वभाव आहे आणि तो एका महात्म्याच्या पदयात्रेने पालटण्याजोगा नाही.

दुसरे चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी, विनोबांनंतर अवघ्या चार महिन्यांनी, रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. बालपण रोह्याचे, कारण वडील रोह्याला वकिली करीत. कुंडलिकेच्या काठचे हे गाव आज कोकण रेल्वेच्या आरंभाचे स्थानक म्हणून ओळखले जाते, दसऱ्याच्या सुमारास तेथे धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सलामी मिळते, पलीकडे धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे कारखाने आहेत, आणि गावातल्या महाविद्यालयाच्या पाटीवर चिंतामणरावांचे नाव आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (1943 ते 1949), मग 1950 पासून देशाचे अर्थमंत्री, 1952 साली याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आलेले, आणि 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर अधिकारपदाचा त्याग करून बाहेर पडलेले, एवढे चरित्र मराठी वाचकास ठाऊक असते. या त्यागासाठी महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, ते योग्यच झाले. परंतु त्यांच्या कारकीर्दीतील ज्या कृत्याला मी सर्वांत मोठे मानतो, त्याची आठवण रोह्यातही क्वचितच निघते.

ते कृत्य म्हणजे 1953 सालचा मृत्युकराचा कायदा. मनुष्य निवर्तल्यावर त्याच्या मागे राहणाऱ्या संपत्तीचा काही अंश, संपत्ती जितकी मोठी तितक्या चढत्या दराने, वारसाच्या हाती जाण्यापूर्वी राज्याने घ्यावयाचा, हे त्याचे सूत्र. एकदोनदा मागे पडलेले हे विधेयक चिंतामणरावांनी पार नेले आणि 15 ऑक्टोबर 1953 पासून कायदा अमलात आला. सर्वसाधारणपणे एक लाख रुपयांपर्यंतची संपत्ती त्यातून मुक्त होती, एकत्र कुटुंबातील हिश्श्यासाठी ती मर्यादा पन्नास हजार. 1953 सालचे लाख रुपये म्हणजे काय हे ज्यांना आठवते, त्यांना सांगावयास नको, की खारेपाटातल्या एकाही कसणाऱ्याच्या उंबरठ्याला या कराचा स्पर्श होणार नव्हता. संविधानाच्या तेव्हाच्या योजनेप्रमाणे तो केंद्राने वसूल करावयाचा आणि त्याचे उत्पन्न राज्यांना द्यावयाचे होते. त्याच वर्षी जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखाली करचौकशी आयोग नेमला गेला, आणि त्या आयोगाने, क्रांतिकारकांच्या नव्हे तर अत्यंत संयमी माणसांच्या त्या आयोगाने, कर वजा जाता उरणारे व्यक्तीचे उत्पन्न देशातील सरासरी कौटुंबिक उत्पन्नाच्या साधारण तीस पटींहून अधिक असू नये, असे मत नोंदविले. आज ते वाक्य संसदेत कोणी उच्चारले, तर सभागृह दचकेल.

देशमुख हे आडनावच वस्तुतः महसुलाचे आहे. परगण्याच्या वसुलीचा वंशपरंपरागत अधिकारी तो देशमुख. त्याचे वतन बापाकडून मुलाकडे जाई. ज्या नावातच वारशाने आलेला वसुलीचा हक्क वसलेला आहे, ते नाव धारण करणाऱ्या मनुष्याने स्वतंत्र भारताच्या संसदेत उभे राहून वारशालाच सारा लावला, हा मला इतिहासाचा न्याय वाटतो. चिंतामणराव संस्कृतचे नामांकित पंडित होते, मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी होते, मेघदूताचे त्यांनी मराठीत भाषांतर केले. रघुवंशात दिलीप राजाच्या करग्रहणाला कालिदासाने जी सूर्याची उपमा दिली आहे (पृथ्वीवरील रस शोषून घ्यावयाचा तो सहस्रपटीने परत वर्षाव करण्यासाठी), ती या अर्थमंत्र्याच्या परिचयाची असणारच.

तिसरे पांडुरंगशास्त्री आठवले. जन्म रोह्यातलाच, 19 ऑक्टोबर 1920 चा. वडील वैजनाथशास्त्री यांनी मुंबईच्या माधवबागेत 1926 साली सुरू केलेल्या गीता पाठशाळेच्या व्यासपीठावरून त्यांनी जे प्रवचन आरंभिले, त्यातून स्वाध्याय उभा राहिला. त्यांचे उत्तर दानाचेही नाही आणि कराचेही नाही. योगेश्वर कृषीत गावातील शेतकरी वर्षातले ठरावीक दिवस एका सामाईक शेतावर पुजारी म्हणून श्रम करतात; किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत मत्स्यगंधा नावाच्या नौकांवर आळीपाळीने माणसे जातात; आणि जे धन निर्माण होते, त्यावर कोणाचेही नाव नसते. शास्त्रीबुवांनी त्याला अपौरुषेय लक्ष्मी म्हटले. गरजवंताच्या घरी ती प्रसाद म्हणून जाते, आणि प्रसाद घेणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण देणारा मनुष्य नसून देव आहे. दानातला सर्वांत सूक्ष्म दोष, देणाऱ्याच्या अहंकाराचा आणि घेणाऱ्याच्या ओशाळेपणाचा, शास्त्रीबुवांच्या इतका अचूक फार थोड्यांनी ओळखला असेल. परंतु प्रसाद ज्याला पोहोचला, तो भाग्यवान. ज्याच्या गावी ते शेत नाही, त्याने काय करावे? जे भक्तीने एकत्र आले त्यांच्यात ही व्यवस्था फुलते, आणि जे आले नाहीत त्यांच्यापर्यंत तिचा हात पोहोचत नाही. चाळीस एकर स्वतःकडे ठेवून चार दिवस श्रम करणारा आणि स्वतःचा एक गुंठाही नसताना चार दिवस श्रम करणारा, हे दोघे त्या सामाईक शेतावर समान असतात. पाचव्या दिवशी नसतात.

विनोबांनी हृदयाला हाक घातली, शास्त्रीबुवांनी श्रद्धेला, चिंतामणरावांनी कायद्याला. आणि पेणच्या परिषदेतील कुळांनी यांपैकी कोणाचीही वाट न पाहता आपला हक्क मागितला. तिघांविषयीही माझ्या मनात सारखाच आदर आहे, पण निर्णय विचारला तर मी चिंतामणरावांच्या बाजूने उभा राहीन. कर हा दानाचा हिणकस प्रकार नव्हे. कर हे असे देणे आहे, की ज्यात देणाऱ्याला आभाराची अपेक्षा धरता येत नाही आणि घेणाऱ्याला आभार मानावे लागत नाहीत. सरकारी शाळेत बसणाऱ्या मुलाला आपल्या बाकाचे पैसे कोणी दिले हे ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसणे हाच त्याचा सन्मान आहे.

ही वाट पुढे कशी मोडली, तेही सांगितले पाहिजे. 1956 साली निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाने भारतासाठी करसुधारणेचा आराखडा दिला: संपत्तीवर वार्षिक कर, भांडवली नफ्यावर कर, देणग्यांवर कर, खर्चावर कर, आणि त्याच्या बदल्यात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर शेकडा 45 वर उतरविणे. आपण त्याचे नवे कर घेतले आणि दर उतरविण्याचा सल्ला सोडून दिला. 1973-74 साली प्राप्तिकराचा सर्वोच्च दर शेकडा 97.75 वर गेला होता, आणि मृत्युकराचा वरच्या पायरीवरचा दर साठीच्या दशकातच शेकडा 85 झाला होता. इतक्या चढ्या दराने पैसा तिजोरीत येत नाही; तो बेनामी होतो, न्यासांत जातो, वकिलांच्या हाती जातो. अखेर 1985 साली विश्वनाथ प्रताप सिंह यांनी मृत्युकर रद्द केला. त्याचे वार्षिक उत्पन्न अवघे वीस कोटी रुपये आणि त्या मानाने वसुलीचा खर्च मोठा, हे कारण दिले गेले. देणगीकर 1998 साली गेला, संपत्तीकर 2015 साली. प्रत्येक वेळी आक्षेप वसुलीवर होता, तत्त्वावर नव्हता. बांधाला खांड पडली म्हणून खारेपाटातील शेतकरी बांध सोडून समुद्राला शेत देऊन टाकीत नाही.

याच खारेपाटाने एकविसाव्या शतकात करन्यायाचा आणखी एक धडा पाहिला. 2005 सालच्या कायद्याने विशेष आर्थिक क्षेत्रांची (सेझ) योजना आली. त्या क्षेत्रातील उद्योगांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण, पुढची पाच वर्षे निम्मी अशी प्राप्तिकराची सूट होती. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील पंचेचाळीस गावांवर महामुंबई सेझची रेघ ओढली गेली. त्यांत पेण तालुक्यातील बावीस गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील होती, म्हणजे सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धरणाच्या पाण्याचे जिला वचन दिले होते तीच जमीन. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या पाठबळाने शेतकऱ्यांनी जो लढा दिला, त्याचे फलित म्हणून 21 सप्टेंबर 2008 रोजी जिल्हा प्रशासनाला त्या बावीस गावांत मतदान घ्यावे लागले; जमीन द्यावयाची की नाही, हे सातबाऱ्यावर नाव असलेल्याने स्वतः सांगावयाचे, अशी ती अपूर्व घटना होती, आणि शेतकऱ्यांचा कौल प्रचंड बहुमताने नकाराचा होता. प्रकल्प झाला नाही. त्या लढ्याकडे केवळ जमिनीचा लढा म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. शिलोत्री मण देऊन, जोळ करून, ज्यांनी बांध उभा केला, त्यांची जमीन अशा उद्योगाला मागितली जात होती, ज्याच्या निर्यातीच्या नफ्यावर राज्य पहिली पाच वर्षे कर घेणार नव्हते. घेणाऱ्याला सूट आणि देणाऱ्याला विस्थापन, असा तो हिशेब होता.

परतताना पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांकडे गेलो. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घरोघर कारखाना आहे. एकीकडे कच्च्या मूर्तींच्या रांगा, एकीकडे रंगाच्या बाटल्या, आणि डोळ्यांची आखणी करणारा कारागीर कोणाशीही न बोलता खाली मान घालून बसलेला. एका वयस्क मूर्तिकारांना मी विचारले, "काका, मातीच्या मूर्तीला तर जीएसटी माफ आहे ना?" ते म्हणाले, "मूर्तीला माफ आहे, दादा. रंगाला कुठे माफ आहे?" त्या एका वाक्यात साऱ्या अप्रत्यक्ष करांचे मर्म आले. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, त्याच सप्टेंबरात मातीच्या मूर्ती शून्य दरात आल्या. पण विक्रीवर कर नाही, म्हणून रंगावर, वार्निशावर, खोक्यांवर आधी भरलेला कर परत मागण्याचीही सोय नाही, आणि तो मुकाट्याने मूर्तीच्या किमतीत किंवा मूर्तिकाराच्या पोटात जिरतो. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, छाप घातलेल्या पोह्यांवर पाच टक्के कर आला. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, केशतेल, टूथपेस्ट अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आले, ही सुधारणा मी मनापासून स्वागतार्ह मानतो, परंतु त्याच्या आधीची आठ वर्षे गरिबाने अंग धुण्यासाठी अठरा टक्के दिले, हेही नोंदवून ठेवतो. त्याच कालखंडात, 20 सप्टेंबर 2019 रोजी, कंपन्यांच्या प्राप्तिकराचा मूळ दर तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला गेला. त्यातून वर्षाला एक लाख 45 हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असे सरकारनेच सांगितले होते.

मार्च 2024 मध्ये जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या संशोधकांनी भारताचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला. 2022-23 साली देशाच्या उत्पन्नाचा 22.6 टक्के आणि संपत्तीचा 40.1 टक्के भाग वरच्या एक टक्का लोकांकडे होता. उत्पन्नाचे इतके केंद्रीकरण 1922 पासूनच्या नोंदींत, म्हणजे इंग्रजांच्या राज्यातही, आढळत नाही. हे वाचून चरीचे सहा पावसाळे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तिथल्या कुळांचा खोत निदान दिसत होता, त्याच्या वाड्यावर जाता येत होते.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. मृत्युकर पुन्हा आला पाहिजे. त्याची मर्यादा इतकी उंच असावी, की राहते घर, लहान दुकान, मूर्तींचा कारखाना यांना त्याची झळ लागू नये. दर इतका मध्यम असावा, की चुकविण्यापेक्षा भरणे सोयीचे वाटावे. आणि त्याचे उत्पन्न शिलोत्री मणासारखे कामाशी बांधलेले असावे, गावोगावच्या शाळा, दवाखाने आणि समुद्राकडचे बांध यांसाठी, जेणेकरून देणाऱ्याला आपले धान्य कोठे गेले ते दिसावे. आपल्या श्रमाने मिळविलेल्यावर दर महिन्याला कर देणाऱ्या शिक्षकाने, आणि रंगाच्या बाटलीवर कर देणाऱ्या मूर्तिकाराने, जन्माच्या योगाने शेकडो कोटी मिळविणाऱ्या वारसाकडून एक अंश मागणे हे मत्सराचे लक्षण नाही. विनोबांनी तो पुत्र म्हणून मागितला होता, आपण नागरिक म्हणून मागावा.

त्यासाठी संविधान पालटावे लागणार नाही. सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीत, 87व्या क्रमांकावर, शेतजमिनीखेरीज अन्य संपत्तीवरील मृत्युकराची नोंद आजही जशीच्या तशी आहे.